‘शिकविणे’ या क्रियापदाची परीक्षा
शिक्षणसंशोधनातील तत्त्वचिकित्सेविषयी काही विचार

शिक्षणशास्त्रातील प्रत्येक प्रबंधात ‘संशोधनपद्धती’ या नावाचे एक प्रकरण असते. सर्वेक्षण किंवा प्रयोग या मार्गाने केलेल्या संशोधनात हे प्रकरण बरेच विस्तृत असते. नमुना कसा निवडला, प्रश्नावली कशी सिद्ध केली, तिची विश्वसनीयता कशी पारखली, हे सारे तेथे क्रमाने येते. प्रबंध ‘तत्त्वज्ञानात्मक पद्धती’चा असला म्हणजे मात्र हे प्रकरण एकाएकी आखडते. अशी पद्धती स्वीकारली आहे एवढे एक वाक्य, त्यामागून प्राथमिक व दुय्यम साधनांची यादी, आणि लगेच पुढचे प्रकरण. ही पद्धती म्हणजे नेमके काय करावयाचे, ती चुकते तेव्हा कशी चुकते, आणि ती चुकली हे वाचकाने कशावरून ओळखावयाचे, यांविषयी एक अक्षरही नसते. जी पद्धती चुकू शकत नाही तिला पद्धती म्हणणे कठीण आहे.

अशा प्रबंधांत प्रत्यक्ष काय असते? बहुधा एखाद्या थोर पुरुषाचे ‘शैक्षणिक विचार’ असतात. गांधी असोत, रवींद्रनाथ असोत, रूसो असो वा ड्यूई असो. शिक्षणाची उद्दिष्टे, अभ्यासक्रम, अध्यापनपद्धती, शिस्त आणि शिक्षकाचे स्थान या पाच कप्प्यांत त्यांची वचने वाटून दिली जातात, आणि शेवटी ‘आजच्या काळातील उपयुक्तता’ हे प्रकरण येते. त्यात उपयुक्तता नाही असा निष्कर्ष निघालेला प्रबंध प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. हे संकलन निरुपयोगी असते असे नव्हे. परंतु संकलन आणि चिकित्सा या दोन भिन्न गोष्टी आहेत. एखाद्याचे मत काय होते हे सांगणे हा इतिहास झाला. ते मत ग्राह्य आहे काय, ते ज्या शब्दांत मांडले आहे त्या शब्दांना निश्चित अर्थ आहे काय, हे पाहू लागल्यावाचून तत्त्वचिकित्सेस आरंभच होत नाही.

दुसरी एक खोड याहून अधिक रूढ आहे. शिक्षण म्हणजे काय हे सांगताना आपली कित्येक पाठ्यपुस्तके प्रथम ‘एज्युकेशन’ या इंग्रजी शब्दाची लॅटिन व्युत्पत्ती देतात. एका धातूचा अर्थ वाढविणे, दुसऱ्याचा बाहेर काढणे. आणि त्यावरून शिक्षण म्हणजे मुलाच्या अंगच्या सुप्त गुणांना बाहेर काढणे, असा निष्कर्ष मराठीत काढून मोकळी होतात. व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरत नाही, हा भाषाशास्त्रातील अगदी पहिला धडा. शिवाय व्युत्पत्तीच द्यावयाची तर ती ‘शिक्षण’ या शब्दाची द्यावी. धातुपाठाने ‘शिक्ष्’चा अर्थ विद्या संपादणे असा दिला आहे, आधुनिक अभ्यासक तो ‘शक्’ या धातूचे इच्छार्थक रूप मानतात, म्हणजे मुळात ‘समर्थ होऊ इच्छिणे’. ही व्युत्पत्ती लॅटिनपेक्षा मनोरम आहे खरी, पण तीही प्रमाण नव्हे. त्याच धातूपासून आलेल्या ‘शिक्षा’ या शब्दाचा अर्थ वेदांगांत उच्चारशास्त्र, हिंदीत शिक्षण आणि मराठीत दंड असा होतो. एवढे एक उदाहरण व्युत्पत्तिवाद्यांस पुरे व्हावे.

मग तत्त्वचिकित्सा कोणत्या प्रश्नांपाशी लागते? निरीक्षणे कितीही वाढविली तरी जे प्रश्न सुटत नाहीत, त्यांच्यापाशी. ‘असर’ या नावाने २००५ पासून चालत आलेल्या सर्वेक्षणाचे उदाहरण घेऊ. ग्रामीण भागात घरोघर जाऊन मुलांपुढे अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट ठेवावयाची व मूल काय वाचून दाखविते ते नोंदवावयाचे, ही त्यातील वाचनचाचणीची रीत. तिचे सामर्थ्य तिच्या साधेपणात आहे. पण मराठीत ‘वाचता येते’, ‘वाचून दाखविता येते’ आणि ‘वाचून कळते’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्वेक्षण त्यांपैकी दुसरी मोजते. वृत्तपत्रे तिचा मथळा पहिलीच्या नावाने देतात. आणि चर्चा करणारे तिसरीविषयी बोलू लागतात. आणखी दहा लाख मुले तपासल्याने हा गोंधळ कमी होणार नाही. तो आकड्यांतला गोंधळच नव्हे.

असे भेद करण्याची शिस्त आपल्याकडे नवी नाही. नैयायिकांनी शास्त्राच्या प्रवृत्तीचे उद्देश, लक्षण आणि परीक्षा असे तीन टप्पे सांगितले: वस्तूचे नाव घ्यावयाचे, तिचे व्यावर्तक लक्षण द्यावयाचे, आणि मग ते लक्षण टिकते की नाही हे पाहावयाचे. अन्नंभट्टांच्या ‘दीपिके’तील गाईचे उदाहरण पाठशाळेत शिकलेल्या प्रत्येकास ठाऊक असते. गाय म्हणजे कपिल वर्णाची, असे म्हटले तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ती. शिंगे असलेली, असे म्हटले तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. एकखुरी, असे म्हटले तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. विसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंड-अमेरिकेत शिक्षणाच्या तत्त्वज्ञानाला जे विश्लेषक वळण लागले त्याचे हत्यार, पारिभाषिक आवरण काढल्यास, पुष्कळसे हेच होते: लक्षण करावयाचे व प्रतिउदाहरणाने ते मोडून पाहावयाचे. (‘परीक्षा’ हा शब्द पुढे लक्षणाकडून विद्यार्थ्याकडे वळला, हे आपल्या शिक्षणाचे दुर्दैव म्हणावे काय?)

ही पद्धती प्रत्यक्षात कशी चालते हे एका क्रियापदावर पाहू. प्रश्न जुना आहे: विद्यार्थी शिकला नाही, तर शिक्षकाने शिकविले असे म्हणता येईल काय? ड्यूई यांनी ‘हाउ वुई थिंक’ (१९१०) या ग्रंथात याचे उत्तर नकारार्थी दिले. अध्यापन व अध्ययन यांचा संबंध त्यांनी विक्री व खरेदी यांच्या संबंधासारखा मानला. कोणी विकत घेतले नसता विकले म्हणणे जसे, तसेच कोणी शिकले नसता शिकविले म्हणणे. पुढे गिल्बर्ट राईल यांनी १९४९ च्या ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’मध्ये प्रयत्नवाचक व सिद्धिवाचक क्रियापदे असा भेद दाखविला. मराठीत ‘शोधणे’ आणि ‘सापडणे’ ही जोडी त्यास चपखल बसते: शोधणे हा प्रयत्न, सापडणे ही सिद्धी. इस्रायल शेफ्लर यांनी ‘द लँग्वेज ऑफ एज्युकेशन’ (१९६०) मध्ये हा भेद अध्यापनाला लावला, आणि ‘टीच’ या क्रियापदाला प्रयत्नाचा व सिद्धीचा असे दोन्ही अर्थ आहेत हे दाखवून दिले.

आपल्याकडील प्रबंधांत ही चर्चा येते ती येथवरच, आणि तीही इंग्रजी क्रियापदाची. वस्तुतः मराठीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. कारण इंग्रजीत शिकणे व शिकविणे यांसाठी दोन असंबद्ध धातू आहेत, तर मराठीत ‘शिकविणे’ हे ‘शिकणे’ याचेच प्रयोजक रूप आहे. प्रयोजकाचा अर्थ दुसऱ्याकडून क्रिया घडवून आणणे. ‘मी त्याला हसविले, पण तो हसला नाही’ हे वाक्य कोणीही मराठी मनुष्य विसंगत म्हणेल. ‘मी त्याला औषध पाजले, पण तो प्यायला नाही’ हेही तसेच. तेव्हा व्याकरणाचा कौल ड्यूईंच्या बाजूने पडेल अशी अपेक्षा होते. परंतु ‘मी त्याला वर्षभर भूमिती शिकविली, पण तो काही शिकला नाही’ या वाक्यात कानाला काहीही खटकत नाही. शिक्षकांच्या खोलीत ते रोज ऐकू येते. ‘समजाविणे’ हेही असेच वागते: पुष्कळ समजाविले, त्याला समजले नाही. म्हणजे रूपाने प्रयोजक असलेली काही क्रियापदे अर्थाने केवळ प्रयत्न सांगतात. आणि ड्यूईंची विक्रीची उपमा तरी कोठे टिकते? दिवसभर भाजी विकत बसला आणि एक जुडी खपली नाही, हे आपण म्हणतोच.

येथे थांबून ‘मराठीत शिकविणे हे प्रयत्नवाचक आहे’ असा निष्कर्ष काढला, तर तो अव्याप्तीचा दोष होईल. कारण ‘मी त्याला पोहायला शिकविले, पण त्याला पोहता येत नाही’ हे वाक्य लगेच खटकते. तेच ‘शिकवीत होतो’ असे केले म्हणजे खटका जातो. ‘भूमिती’च्या जागी ‘पोहायला’ आल्याने इतका फरक का पडावा? कर्माच्या स्थानी विषयाचे नाव असते तेव्हा त्या विषयाला काठ नसतो. किती आले म्हणजे भूमिती आली, हे वाक्य सांगत नाही. ‘पोहायला’, ‘वाचायला’, ‘सूत कातायला’ अशी क्रिया आली म्हणजे शेवट ठरलेला असतो, आणि क्रियापद सिद्धीकडे झुकते. आचरणाच्या बाबतीत तर झुकाव फारच स्पष्ट आहे. ‘आईबापांनी हेच शिकविले का?’ या प्रश्नात, मूल वाईट वागले यावरूनच आईबापांनी शिकविले नाही हे सिद्ध धरलेले असते. त्यांनी शंभरदा सांगितले असेल, ती सबब चालत नाही. तात्पर्य, शिकल्यावाचून शिकविणे संभवते काय या प्रश्नाला एकच उत्तर नाही. काय शिकविले, हे पद भरल्याशिवाय तो प्रश्नच अपुरा राहतो.

आता एक शेवटचा प्रयोग लक्षात घ्यावा. मराठीत ‘शिकविणे’ पूर्णांशाने सिद्धिवाचक, ज्यात शंकेला जागाच नाही असे, कोठे होते? ‘त्याला शिकवून पाठविले आहे’ या वाक्यात. ‘पढविलेला साक्षीदार’ या प्रयोगात. येथे शिकविणाऱ्याचे यश निर्विवाद आहे: त्याने जे घातले ते जसेच्या तसे बाहेर आले. पण याला शिक्षण म्हणावयास कोणी धजणार नाही. शिकणाऱ्याच्या स्वतःच्या विचाराला जेथे वाव उरत नाही तेथेच शिकविण्याचे संपूर्ण श्रेय शिकविणाऱ्याला मिळते, असे आपली भाषा सुचविते. शेफ्लर यांनी अध्यापनाला घातलेली अट जवळजवळ हीच आहे. विद्यार्थ्याच्या विचारशक्तीपुढे, त्याने विचारलेल्या ‘का’पुढे, शिक्षकाने आपले म्हणणे मांडले पाहिजे, हे नसेल तर परिणाम घडवून आणण्याचे ते अन्य काही प्रकार होत. ते या अटीपर्यंत लोकशाही समाजातील शिक्षणाच्या विचारातून आले; आपणास ती ‘पढविणे’ या एका शब्दातून दिसू शकते.

ही सारी शब्दांची कसरत कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर शाळेच्या तपासणीत आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०१७ मध्ये पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी अध्ययन निष्पत्ती प्रसिद्ध केल्या, आणि तेव्हापासून शिक्षकाच्या कामाची भाषा हळूहळू बदलली आहे. निष्पत्तीचे वाक्य विषयाचे नाव देऊन थांबत नाही. विद्यार्थी काय करतो ते सांगते. म्हणजे ‘अपूर्णांक’ या नामाच्या जागी ‘अपूर्णांकांची बेरीज करणे’ ही क्रिया येते, आणि त्याबरोबर ‘शिकविले’ हे क्रियापद प्रयत्नाकडून सिद्धीकडे सरकते. हे स्थित्यंतर कोणी जाहीर केलेले नाही. ते व्याकरणातून घडले. शिक्षक म्हणतो, मी अपूर्णांक शिकविले. तपासणारा म्हणतो, मुलांना बेरीज येत नाही, तेव्हा तुम्ही शिकविले नाही. दोघेही शुद्ध मराठी बोलत असतात आणि दोघांचेही म्हणणे खरे असू शकते. त्यांच्यातील वाद चाचणीने मिटत नाही. उलट प्रत्येक चाचणी दोघांनाही आपापला पुरावा पुरविते. आणि कारणे दाखवा अशी नोटीस निघते ती मात्र एकाच पक्षावर.

याचा अर्थ शिक्षकाने प्रयत्नाच्या अर्थामागे दडून बसावे असा नाही. प्रयत्नालाही अटी आहेत. भिंतीकडे तोंड करून भूमितीचे सिद्धांत म्हणणाऱ्याला आपण शिकवितो असे म्हणत नाही. शिकावे हा हेतू हवा. शिकणाऱ्याच्या आटोक्यात येईल असे रूप शिकविण्याच्या वस्तूला दिलेले हवे. आणि शिकणे घडते आहे की नाही इकडे वेळोवेळी लक्ष हवे. यांतील दुसरी अट अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात नेऊन पाहावी. तेथील कोरकू मुले घरी जी भाषा बोलतात ती मुंडा कुळातील आहे. मराठीशी तिचे कुळाचे नाते नाही. पहिलीच्या वर्गात केवळ मराठी जाणणारा शिक्षक केवळ मराठीत धडा समजावून सांगतो. हेतू आहे, श्रम आहेत, मुलांकडे लक्षही आहे. त्याने शिकविले काय? प्रस्तुत लेखकाच्या मते, सिद्धीच्या अर्थाने तर नाहीच, पण प्रयत्नाच्या अर्थानेही नाही. आणि तरीही दोष त्याचा नाही. ज्या व्यवस्थेने त्याला मुलांची भाषा न शिकविता तेथे नेमले, तिने त्याचा प्रयत्न ‘शिकविणे’ या पदाला पोहोचूच दिला नाही. शिक्षकाचे अपयश आणि शिकविण्याची अशक्यता, हा भेद आपल्या मूल्यमापनाच्या तक्त्यात कोठेच नाही. आणि तो नाही तोवर त्या तक्त्यातील आकडे अशा शिक्षकावर अन्याय करीत राहणार. मुलावरचा अन्याय तर त्याहून मोठा आहे, कारण त्याच्या नावापुढे ‘अप्रगत’ हा शेरा पडतो.

आता एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण तो भाषाशास्त्राच्या बाजूनेच येतो. लोक कसे बोलतात यावरून वस्तूचे स्वरूप कसे ठरावे? आणि भाषा बदलली की तत्त्वज्ञानही बदलावयाचे काय? आर. एस. पीटर्स यांनी ‘एथिक्स अँड एज्युकेशन’ (१९६६) मध्ये असे प्रतिपादिले की, एखादा मनुष्य शिक्षित झाला पण त्यात काहीच इष्ट बदल झाला नाही, असे म्हणणे तर्कतः विसंगत आहे. मराठीत ‘शिकला, पण सुधारला नाही’ हे वाक्य नित्याचे आहे. ‘सुशिक्षित’ हे विशेषण आपण ‘बेकार’ या शब्दाला जोडतो, ‘असंस्कृत’लाही जोडतो. रामदासांनी तर ‘दासबोधा’च्या दुसऱ्या दशकात पढतमूर्खाच्या लक्षणांना एक स्वतंत्र समास दिला. मग पीटर्स यांचे म्हणणे खोटे ठरले काय? त्यांच्यावर इंग्रजी वाचकांनीही हाच आक्षेप घेतला होता. वाईट मानलेल्या शिक्षणपद्धतीलाही इंग्रजीत ‘एज्युकेशन’ म्हणतातच. आणि १९७० च्या सुमारास पीटर्स यांनी शब्दाचा असा मूल्यनिरपेक्ष वापर असल्याचे मान्य करून आपले विवेचन ‘शिक्षित मनुष्य’ या आदर्शापुरते आवरते घेतले. मराठीत त्या आदर्शाचा भार ‘शिक्षण’ हा शब्द वाहत नाही. तो ‘शहाणा’, ‘सुसंस्कृत’, ‘शिकलासवरलेला’ या शब्दांवर वाटला गेला आहे. यातील ‘सवरलेला’ हा उत्तरार्ध विशेष मोलाचा आहे. केवळ शिकण्याने जे होत नाही त्यासाठी बोलणाऱ्यांनी तो शिकण्याला जोडून दिला आहे.

तेव्हा रूढ प्रयोग हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. तो कोणते भेद लोकांना महत्त्वाचे वाटले हे सांगतो. ते भेद राखावेत की नाहीत याचा निर्णय युक्तीनेच द्यावा लागतो. परंतु साक्ष एकाच भाषेची घेऊन निकाल देणे धोक्याचे असते. २००१ मध्ये जेसन स्टॅन्ली व टिमथी विल्यम्सन यांनी, एखादी क्रिया करता येणे हेही माहिती असण्याचाच एक प्रकार होय, असा सिद्धांत बऱ्याच अंशी इंग्रजी वाक्यरचनेच्या आधारे मांडला. दोनच वर्षांनी इयन रम्फिट यांनी फ्रेंचसारख्या भाषांकडे बोट दाखवून तो आधार डळमळीत केला. मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये. आपल्याकडे ‘पोहतात कसे हे मला माहीत आहे’ आणि ‘मला पोहता येते’ यांत मुख्य क्रियापद समान नाही. पहिले खरे असून दुसरे खोटे असलेले लोक काठावर पुष्कळ उभे असतात. या वादात मराठीची साक्ष अद्याप कोणी नीटशी नोंदविलेली नाही, आणि ती नोंदविण्यास आपल्याहून अधिक योग्य कोण?

पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी एवढेच सुचवावेसे वाटते की, तत्त्वचिकित्सक प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात आपला प्रश्न निरीक्षणाने का सुटत नाही हे प्रथम दाखवावे. ज्या पदांची चिकित्सा करावयाची त्यांचे प्रयोग कोठून घेतले, शिक्षकांच्या बोलण्यातून, शासकीय परिपत्रकांतून की पाठ्यपुस्तकांतून, हे सांगावे. आणि आपले लक्षण ज्या उदाहरणाने मोडेल असे वाटते ते उदाहरण स्वतःच पुढे ठेवावे. परीक्षकांनीही तेवढेच मागावे. साधनांच्या यादीची लांबी मोजीत बसू नये.

विषय तर हाताशी आहेत. मूल्यशिक्षणाच्या चर्चेत ‘संस्कार’ हा शब्द पावलोपावली येतो. मुलाला आपण शिकवितो, पण संस्कार मात्र मुला‘वर’ करतो. ‘ला’ जाऊन ‘वर’ येतो, आणि ज्याच्यावर संस्कार व्हावयाचे त्याच्याकडे कोणतीही क्रिया उरत नाही. संस्कार केले जातात, होतात, घडतात, रुजतात. पण मूल ते ‘करून घेते’ असे क्वचितच ऐकू येते. मातीच्या घड्याविषयी आणि शेतातील बियाविषयी बोलण्याची ही भाषा ज्याला स्वतःचे मत आहे अशा दहा वर्षांच्या मुलीला लावता येते काय, आणि लावली तर त्या मुलीने विचारलेल्या ‘का’चे काय करावयाचे, या प्रश्नावर मराठीत एक चांगला प्रबंध व्हावयास हवा.